परमिट

पालच्या पुढे, जिथे मोबाईलची रेंज संपते,
तिथे डोंगराच्या दोन खांद्यांवर
कोणीतरी तार ओढलीये.
माणसं लटकवायला. तिकीट पाचशे.
एकतीस वर्षं मी पगार घेऊन लटकलो, असं मी म्हणालो.
रांगेतलं कोणी हसलं नाही.

हर्षाली, माझी नात, हेल्मेट घालून केव्हाचीच तयार.
फॉर्मवर प्रश्न : चक्कर येते का,
उंचीची भीती आहे का,
काही झालंच तर कोणाला कळवायचं.
व्यवसायापुढे मी वायरमन लिहिलं.
निवृत्त लिहायला जागा उरली नाही.

जमना पावरा, असेल बाविशीची,
माझ्या कमरेचा पट्टा आवळत होती.
मी तिची बोटं बघत होतो.
कडी लावली, ओढून पाहिली,
परत ओढून पाहिली.
दुसरी कडी. तीही दोनदा.
इच्छारामला मी हेच शिकवलं होतं.

"लाईन बंद आहे ना?"
तोंडातून निघूनच गेलं.
"काका, हिच्यात करंटच नसतो."
"तसंच सांगतात," मी म्हणालो,
आणि फळी पायाखालून मागे गेली.

चाक तारेवर किंचाळत सुटलं.
खाली साग, साली सुटलेली सालई,
अंजनाला तांबूस पालवी,
सुकी नदीची वाळू, वाळूत एकच डोह.
एक धनेश माझ्या उंचीवरून, शेजाऱ्यासारखा,
न बोलता निघून गेला.
पलीकडून हर्षालीची हाक : बाबाऽऽ
आणि मग चाक हळू झालं.
मग थांबलं.

मधोमध.
ना अलीकडे ना पलीकडे.
सालईच्या शेंड्यावर वानरीण, पोटाशी पिल्लू,
मान वर करून बघते आहे,
गाव जसं खांबावरच्या माणसाकडे बघतं तसं.

चिनावलच्या शिवारात, केळीच्या बागेत,
परमिट माझ्या खिशात होतं.
फिडर बंद, रजिस्टरला सही,
वेळ दहा चाळीस.
कोणाच्या तरी जनरेटरने उलटा करंट सोडला.
तो पडला नाही. पट्टा चांगला होता.
वीस मिनिटं तसाच,
आणि खाली आम्ही,
फोन लावणारे, शिडीला धावणारे,
बागवाल्याची म्हातारी पदर तोंडात धरून.
मी खालूनच पाहिलं ते सगळं.
एकोणीस वर्षं खालूनच पाहतो आहे.

वरून बाग कशी दिसते, इच्छाराम?
इथून तर लांब सपाटीवर
एक हिरवं ठिगळ दिसतंय, कुणाचंही असेल.
वारा आहे. पट्टा मांडीला काचतो.
तार अंगात गुणगुणते, बिनकरंटची,
आणि माझे हात, सांगितलं नसताना,
तारेपासून वीतभर लांब.

जमना आली.
उलटी लटकून, हातावर हात टाकत,
तिचा आजा मोहाळाला दोरावरून उतरायचा म्हणे,
तशीच असेल बहुतेक.
"वजन कमी पडलं काका. बारीक माणसं अडकतात."
माझी दोरी तिने स्वतःच्या पट्ट्याला अडकवली.
ओढून पाहिली. परत ओढून पाहिली.

ओढत नेताना मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून,
"पाड्यावर लाईट आली का तुमच्या?"
"आली ना. चार वर्षं झाली.
वादळात खांब वाकला, तेव्हाची गेलीय.
वायरमन येतो म्हणतो."
"कधीपासून म्हणतो?"
"होळीच्या आधीपासून."

पलीकडे फळीवर पाय टेकले.
हर्षालीने फोटो काढला, त्यात माझे डोळे मिटलेले.
परत एकदा जाऊ म्हणाली. जा म्हटलं.
मी तिकिटाची मागची बाजू वर केली,
जमनाकडे पेन मागितलं.

"खांबावर नंबर असतो. पांढऱ्या रंगात.
आठवतो का?"
तिने डोळे बारीक केले,
आणि एकेक आकडा सांगू लागली.