ढील

आरशात मागचा रस्ता कमी,
माझेच कोपर जास्त दिसतात.
एकशे पंचवीस सीसी, निळी, तिसऱ्या हातची,
पुढे वाकून बसायची तऱ्हा अशी
की मैलभरात मनगटं विचारतात : एवढी घाई कुठे?
घाई कुठेच नाही.
हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीपासून घरापर्यंत
नऊ मैल, त्यात एक चढ,
आणि मागे लाल एलची पाटी.
बेचाळिसाव्या वर्षी शिकाऊ.

कराडहून आत्याचा फोन :
"गाडी घेतलीस म्हणे. किती चाकी?"
दोन, म्हटल्यावर
पलीकडे बराच वेळ नुसत्या कुकरच्या शिट्ट्या.

इथे एबरगॅव्हेनीत
थंडी पडली की रात्री कौन्सिलची लॉरी निघते
रस्त्यावर मीठ फेकत,
जणू कुणी अख्ख्या दरीची दृष्ट काढतंय,
मोहऱ्या तेवढ्या नाहीत.
आणि ती दृष्ट उतरते नेमकी माझ्या गाडीवर :
नटांच्या कडेला पांढरी खपली,
साखळीवर दोन दिवसांत तांबूस साय.
म्हणून ड्यूटीवरून आले की, चहाच्याही आधी,
थंड पाण्याची बादली.
गरम नाही. गरम पाण्यात मीठ चेकाळतं,
हे शेजारच्या ग्लिनने सांगितलं,
कुंपणावरून, न विचारता.

चाळीस वर्षं त्याने बसगाड्या दुरुस्त केल्या.
आता उजवा हात थरथरतो,
तो हात खिशात असतो.
पान्याला शिवत नाही. बोलून शिकवतो.
"खालची बाजू, मधोमध, बोटाने उचल.
किती उचलली जाते?"
मी मुलीची शाळेची पट्टी लावते.
तीस मिलिमीटर हवी,
माझी जेमतेम बारा.

घट्ट म्हणजे चांगली, असंच धरून चालले होते मी.
पोळ्यांचा डबा, मुलीची वेणी,
घरखर्चाची वही,
सगळीकडे तेच केलं.
"तू बसलीस की ती आपोआप ताणली जाते," ग्लिन म्हणाला,
"तुझ्या वजनापुरती जागा आधीच सोडून ठेवायची."
मला पतंगाचा शब्द आठवला : ढील.
त्याला सांगितला. त्याने चारदा म्हणून पाहिला,
'ढ' काही निघाला नाही.
बदल्यात त्याने मला वेल्श शब्द दिला, ल्लाक,
त्यातला 'ल' जिभेच्या कडांवरून नुसती हवा सोडून म्हणायचा.
मलाही जमला नाही. फिटंफाट.

जानेवारीत पडले.
वेगात नाही, वळणावर नाही,
सिग्नलला, उभ्या उभ्या, चिप्सच्या दुकानासमोर.
पाय टेकायला गेले तिथे उतार निघाला.
इतक्या सावकाश पडलो आम्ही दोघी,
की मधल्या वेळात मी "सॉरी" म्हणाले,
कुणाला, कोण जाणे.
शाळेच्या दोन पोरांनी उचलली,
व्हिनेगरच्या बोटांनी.
क्लचची लिव्हर गेली. सव्वीस पौंड.
निळ्यावर तळहाताएवढा ओरखडा.

नवी लिव्हर बसवताना
ग्लिनने खिशातून हात काढला.
"आण, बोल्ट मी धरतो."
धरला. आणि पडला.
मग टॉर्च घेऊन दोघं गवतात, गुडघ्यांवर,
अर्धा तास,
एकमेकांकडे न बघता.
बोल्ट नाही, एक गंजका वायसर सापडला.
तो मात्र त्याने अंगठ्यानेच ओळखला :
कुठल्या बसचा, कुठल्या सालचा,
ड्रायव्हर कोण होता आणि तो किती थापा मारायचा.
थंडीत, चिखलात, त्याने सगळं सांगितलं.
हात बाहेरच होता.

बोल्ट सकाळी मिळाला, माझ्याच बादलीत.

ओरखडा तसाच ठेवलाय.
आज निघण्याआधी हवा पाहिली, दोन्ही चाकांची,
टिकलीएवढ्या काचेतून तेल पाहिलं,
वाकून पट्टी लावली.
एकतीस.
एक जास्त आहे.
राहू दे.