पुढचा मे

मुस्तकीमनं चार स्क्रू काढले, पाचवा गंजलेला,
तो पक्कडीनं मोडला
आणि झाकण उचलून म्हणाला,
"हे काय ओ, आत टॉवेल हाय की."

खरंच होता.
पंख्याच्या पात्यांभोवती लाल-निळ्या रुईची घडी,
बोटभर जाड.
आमच्या खोलीखाली मालकाचे चार माग.
बारा वर्षं त्यांचीच हवा ओढत
त्यानं स्वतःपुरतं विणून ठेवलेलं.

ब्लोअर मारला तशी दुकानभर रुई उडाली.
मी नकळत रुमाल नाकाला लावला.
नान्नांनी कधी लावला नव्हता.

"पेस्ट बदलतो. बाराशे.
पण स्पष्ट सांगतो, चिलवेरीभाऊ,
हिवाळा काढेल.
पुढचा मे माझ्याकडं मागू नका."

नवी पेठेतून बाहेर पडलो. दुपारचे दोन, पारा चव्वेचाळीस,
डांबर चपलेला सोडेना.
शोरूमच्या काचेमागं नवा उभा,
पांढरा, सडपातळ, एसीत बसणाऱ्या डॉक्टरासारखा.
महिना चार हजार शंभर, बारा हप्ते.
मी मनातल्या मनात त्याच्या रात्रपाळ्या केल्या.
एका रात्रीचा भत्ता एकशे ऐंशी,
म्हणजे महिन्याला तेवीस रात्री कारखान्यात,
खेळायला उरल्या सात.
हिशेब तिथंच हसला.

तसं जुन्याचं तरी कौतुक किती करायचं?
एप्रिल लागला की दिवसा चालत नाही.
रात्री दहानंतर कूलरसमोर पाटावर बसवावा लागतो
पाव्हण्यासारखा.
सुरू झाला की विमानागत ओरडतो
आणि शेवटच्या ओव्हरला, हमखास शेवटच्याच,
तीनदा टुक करून डोळा लाल करतो.
नव्या डिस्क त्याला कळत नाहीत.
लास्याच्या मैत्रिणीकडं म्हणे
पावसात खेळाडूंचे कपडे ओले होताना दिसतात.
आमच्याकडं प्रेक्षक पुठ्ठ्याचे,
एकच माणूस चारशे जागी बसून
टाळ्या वाजवतो.

"मग नवा घ्यायचा का?" लास्या.
"उद्या पाणी आहे, पाच दिवसांनी. आधी मोटर बघा," वरलक्ष्मी.
दोघींचंही बरोबर.

नान्ना भिंतीला टेकून बसले होते.
त्यांनी स्वतःचा एकुलता माग तीस वर्षं चालवला
आणि एका सकाळी किलोवर विकला,
काट्याकडं पाहिलंसुद्धा नाही.
मी विचारलं, तेव्हा कसं कळलं?
ते खोकले. पाणी प्याले.
मग तेलुगूतून म्हणाले,
दुरुस्ती कापडात दिसायला लागली
की सोडायचं.

त्या रात्री मी कापड शोधत बसलो.

सात वर्षांची असताना लास्यानं
हरल्यावर फेकलेला कंट्रोलर,
त्याची डावी काठी अजून सैल.
गाडी आपली आपण डावीकडं जाते,
म्हणून घरातला प्रत्येक जण
न सांगता अंगठा जरा उजवीकडं रेटून धरतो.
मैत्रिणीकडं गेली की
त्या सवयीनंच ती पहिल्या वळणाला भिंतीवर आदळते.
हे दुरुस्तीत धरायचं
की विणीत?

बाराशे देऊन आलोय.
हप्त्यांचा कागद डिस्कच्या डब्यात ठेवला,
कुणाला सापडू नये अशा जागी,
म्हणजे सगळ्यांना सापडेल अशाच.
काल पाहिलं, तर त्याच्या पाठीवर
लास्याच्या अक्षरात कोण किती वेळा जिंकलं ते:
मी १४, पप्पा ११, अम्मा ९,
ताता १,
आणि त्या एकाभोवती दोनदा गिरवलेला गोल.

पंखा सध्या गप्प फिरतो, ऐकूसुद्धा येत नाही.
खाली माग सुरू आहेत.
आत पहिला धागा
बसला असेल.