वाल्डेनरोडेचा ड्यूक लेबरेश्ट

राज्य एवढंसं, की
इथं कुत्र्यांनी उठवलेला ससा
मरायचा शेजारच्या मुलखात,
आणि मग सहा महिने पत्रव्यवहार.

सैन्य बावीस जणांचं. ढोलवाला एक, तोही डावरा.
एकतीस वर्षांत लढाई नाही.
फरमानं तीन:
पुलावरून बदकं हाकू नयेत,
मिठावरचा कर अर्धा,
तिसरं उंदरांनी खाल्लं.

आडेल्हाइड बाळंतपणात गेली त्या रात्री
प्रधान म्हणाला, घड्याळं थांबवू या.
हा नको म्हणाला.
कंदील घेऊन जिने चढला,
गढीतल्या एकेका घड्याळाला
स्वतः किल्ली दिली, पहाटेपर्यंत.

आता चर्चच्या फरशीत पडलाय,
नाक झिजलंय.
झाडूवाली उर्झेल म्हणते,
सगळे त्याच्यावरच बूट पुसतात हो,
दाराशीच आहे ना.