चुन्याची खूण

डोंगर म्हणू नका याला,
सह्याद्रीकडचे पाहुणे हसतात.
हा माळ आहे, पाण्यातून पाठ वर काढलेल्या म्हशीसारखा.
एक पाठ उतरली की दुसरी,
दुसरीच्या पलीकडे भीमेवरचं धुकं,
आणि डोळ्यांना सपाट वाटलं तरी
छातीला कळतं, चढ होता.

आदल्या दिवशी मी आणि गौसपाक
लुनावर चुन्याचं पोतं घेऊन निघालो.
फाट्यावर एक बाण, करडईच्या बांधाला एक,
मग तो वीरगळ,
शेंदूर खाऊन खाऊन चेहरा गेलेला.
खालच्या चौकटीत तो लढताना पडतो,
वरच्या चौकटीत थेट स्वर्गात बसलेला.
मधे किती किलोमीटर, दगड सांगत नाही.
गौसपाक म्हणाला, "मास्तर, यानं शॉर्टकट मारला की ओ."
तिथं आम्ही बाण जरा ठळक काढला.

सकाळी बघतो तर
बिरू हाक्क्याच्या मेंढ्या रात्रीतून गेलेल्या.
बाणाचं टोक चारी दिशांना,
चुना खुरांना लागून टेकाडावर चढलेला.
भरतीची तयारी करणारी पोरं तशीच सुसाट गेली.
दोघं हरभऱ्यात शिरली,
परतली तेव्हा तोंडं आंबट आणि हिरवी.

कुडलला, संगमाच्या देवळापाशी, माझं पाण्याचं टेबल.
आत एका लिंगाला तीनशे एकोणसाठ मुखं,
बाहेर माझ्याकडे शंभर पेले.
पोरं यायची, अर्धं प्यायची, अर्धं डोक्यावर,
देवळाकडं मान न वळवता पुढं.
बरोबरच आहे. घड्याळ चालू होतं.

सगळ्यांत मागून राजव्वा म्याकल.
वय सत्तेचाळीस, पायात लेकाचे बूट,
दोन नंबर मोठे, पुढं कापूस कोंबलेला.
सहा दिवस बोटं बिड्या वळतात,
आज रविवार, म्हणाली, बोटांना सुट्टी.
पाणी प्यायली. पेला पालथा घातला.
आणि खाली बसून बूट काढायला लागली.
"पाय दुखतोय का?"
"नाही ओ. आत जायचंय."

लेस घामानं फुगलेल्या, गाठ सुटेना.
मी घड्याळ पाहिलं. तिनं नाही.

आतला गारवा दगडाचा, हजार वर्षं साठवलेला.
ती वर बघत उभी राहिली तुळईकडं.
"काय लिवलंय?"
मला एवढी एकच ओळ येते, शाळेच्या सहलीपायी पाठ:
वाछि तो विजेया होइवा.
म्हणजे, जो वाचेल तो जिंकेल.
ती इतकी हसली की वटवाघूळ उडालं.
"मग पळायला कशाला लावलं, मास्तर?"

तिचं शिक्षण चौथीपर्यंत, तेलुगू शाळेत.
मराठी अक्षरं बसच्या पाट्यांवरून शिकलेली,
ही तर त्यांच्याही खापरपणजीची.
हात पोचत नव्हता म्हणून हवेत बोट फिरवत,
मी दाखवीन तिथं,
वा.
छि.
तो.
'जे'ला अडखळली. परत मागं गेली.
तंबाखूनं पिवळं पडलेलं ते बोट
दगडाच्या खाली एक वीत, दगडाइतकंच सावकाश.
आठ मिनिटं गेली.
मग लेस बांधल्या, डबल गाठ मारून,
आणि चढाला लागली.

लुनावर मी तिच्या मागं, पहिल्या गिअरची घरघर.
एक टिटवी आम्हा दोघांना ओरडत होती.
शेवटच्या टेकाडावर ती चालली, पळाली, परत चालली.
पोचलो तेव्हा मांडव निम्मा उतरलेला,
पहिल्या तिघांच्या चादरी सोलापूरच्या वाटेला लागलेल्या.
दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या,
त्यातला एक हरभऱ्यातला.

तीन तास चव्वेचाळीस मिनिटं, मी वहीत लिहिलं.
पेन तिथंच थांबलं.
गौसपाकला विचारलं,
ती आठ मिनिटं वजा करायची का रे?

तो पोतं झटकत होता, मिशा पांढऱ्या.
म्हणाला, "चुना उरलाय.
पुढच्या साली बाण
देवळातनंच न्यायचा का?"