चोरश्वास

गुरुवार, साडेसात. खडकीचं चर्च.
मी फक्त फाइल परत करायला आले होते.

शांतवनची फाइल. जाड पुठ्ठ्याची,
फॅक्टरीतल्या कुठल्याशा जुन्या खात्याचा शिक्का असलेली,
आत सत्तावीस वर्षांचा खर्ज.
फेब्रुवारीत तो गेला तेव्हापासून
ती माझ्या शिलाई मशीनवर होती.
मी तिच्यावर कपड्यांच्या घड्या रचत गेले,
तरी दिसायचीच.

उबाळे सरांनी ती घेतली नाही.
त्यांच्या उजव्या हाताला चारच बोटं.
पाचवं फॅक्टरीत राहिलं;
सन सांगतात, किस्सा सांगत नाहीत.
त्या चार बोटांनी त्यांनी खुर्ची दाखवली.
आल्टोतली, माझीच.
शेजारी सुवार्ता लोंढे, ससूनची ड्यूटी संपवून थेट आलेली,
केसांना स्पिरिटचा वास, मांडीवर डब्याची पिशवी.
म्हणाली, "सरक जरा."
आठ महिन्यांनी, एवढंच.

मला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल,
प्रभूची इच्छा, चांगल्या ठिकाणी गेला.
त्याला द्यायचं उत्तर मी घरून आणलं होतं,
धार लावून.
ते पर्समध्येच राहिलं.

ऑर्गनमध्ये उंदरांनी संसार थाटलाय,
म्हणून सरांनी पेटीवरच चार सूर दिले.
सोप्रानोत दोन कॉलेजच्या मुली आणि एक रिटायर्ड हेडबाई,
टेनर म्हणजे नाकात गाणारा विमा एजंट,
आणि खर्जाला आता एकटे एलिया भांबळ,
पोस्टातले, दम्याचे.
शेजारची खुर्ची कुणी हलवलेली नव्हती.

शेवटचं आमेन सतरा मात्रांचं. अखंड.
अखंड म्हणजे, तेवढा दम कुणाचाच नसतो.
सर नव्या पोरांना सांगतात:
शेजारचा गात असेल तेव्हा घ्या. चोरून घ्या.
शब्द संपताना नको, मध्येच कुठेतरी,
आणि परत येताना दार वाजवू नका.
ऐकणाऱ्याला वाटतं, एकच छाती आहे.

मी फाइल उघडली.
पेन्सिलीनं, त्याच्या डावऱ्या, मागे झुकलेल्या अक्षरात:
इथे श्वास नको.
पुढच्या पानावर: इथेही नको.
आणि आमेनच्या नवव्या मात्रेवर बारीक फुली,
इथे मी घेतो. भांबळ धरतील.

काचेपलीकडे मशीन त्याचा श्वास घेत होतं
त्या अकरा रात्री
मी मात्राच मोजत होते.
दुसरं काय येतं मला?

तिसऱ्या मात्रेला माझा गळा गेला.
सूर सुटला. आणि काहीच थांबलं नाही.
सुवार्ता, डोळे वहीत, किंचित मोठ्यानं गायला लागली;
वॉर्डात पेशंटची कूस बदलतात तसा
माझ्या वाट्याचा सूर तिनं
न विचारता उचलला.
अकराव्याला मी परत आले.
दार वाजलं नसावं.
सरांनी माझ्याकडे बघितलं नाही.

देवाची आणि माझी बोलणी अजून बंदच आहेत.
पण चार सूर, कुणी कुणात न विरघळता,
एकमेकांना जागा देत उभे राहिले
की मध्ये कधीकधी पाचवा ऐकू येतो,
दगडी भिंतीच्या वर, पंख्यांच्याही वर.
तो कुणी गात नसतं.
शांतवन त्याला पाहुणा म्हणायचा.
"आज आला होता गं," जेवताना सांगायचा,
भाकरी मोडत, पगार झाल्यासारखा.

काल आला होता.

बाहेर भांबळ पायरीवर बसून पंप ओढत होते.
मी फुलीचं विचारलं.
"नवव्याला ना? अजून धरतो मी तिथं," म्हणाले.
"घेऊ दे त्याला श्वास."
मग बराच वेळ खोकले.

फाइल डिकीत मावेना.
पायांशी उभी धरून होळकर पुलावरून घरी आणली.
पुढच्या गुरुवारी देईन परत.