भिंतीच्या अलीकडे

तीन माग भंगारात गेले,
त्या मोकळ्या जागेवर मी टेप धरला.
तेहतीस फूट, वर चार बोटं.
श्रावंती म्हणाली, पप्पा, दहा मीटर बसतंय की!

तिचा नेम चांगला आहे. सगळे सांगतात.
पण नेम म्हणजे मन ठिकाणावर असताना हातून घडलेली गोष्ट,
आणि मला आडोसा करायचा होता
तो मन ठिकाणावर नसेल त्या दिवसासाठी.

शेडची मागची भिंत चार इंची विटेची.
पलीकडे पोचव्वा,
मांडीवर सूप, सुपात तेंदूपानं,
आणि बिड्या वळता वळता डाव्या पायाच्या अंगठ्याला
पाळण्याची दोरी.

पहिल्यांदा प्लायवूड लावलं.
चौथ्या दिवशी मधोमध पोखरलेलं,
भुंगा लागल्यासारखं.
मग मुजावरकडून जाड पत्रा आणला,
अक्कलकोट रोडवरून रिक्षात आडवा घालून,
आणि उभा केला नीट, ओळंब्यात.
माझी ती खोडच, सगळं ओळंब्यात.
छर्रा गेला तसाच परत आला
आणि डोक्यावरची ट्यूब फुटली.

दोघंही काही बोललो नाही.
मी केरसुणी घेतली.
तिच्या केसातली काच वेचायला तिच्या आईला
दिवेलागण झाली.
अकरा दिवस शेडला कुलूप. किल्ली माझ्या खिशात.

त्या अकरा दिवसांत लाज वाटली ती याची:
ताणलेलं फाटतं, सैल सोडलेलं झेलतं,
हे मला कुणी शिकवायचं?
एकतीस वर्षं तुटलेली तार सांधली मी.

माळ्यावर सेकंडच्या चादरी पडून होत्या.
जकार्टचं एक कार्ड चुकलं होतं त्या लॉटला,
मोर आहेत, मोरांना मान नाही.
व्यापाऱ्याने हात जोडून परत पाठवलेल्या.
त्या घडी घालून, चार पदरी,
नुसत्या वरून टांगल्या. खाली मोकळ्या.
त्यांच्यामागे तोच पत्रा, आता कललेला,
माथा पुढे, नमस्कार करणाऱ्या माणसासारखा,
म्हणजे जे काही येईल ते खाली जाईल.
खाली ट्रे, ट्रेमध्ये चाळलेली वाळू.
दोन्ही बाजूंना फळ्या.
मुजावर म्हणाला, एवढ्याशा कागदाला एवढं रुंद?
मी म्हणालो, चूक नेमापेक्षा रुंद असते, चाचा.

दाराला आतून कडी. बाहेर लाल दिवा.
गोळा झालेलं शिसं डब्यात, झाकण लावून,
आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही.
हे सगळं खडूने लिहिलं दारावर.
पोरगी हसली. हसू दे.

पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये
मी जुन्या वर्तमानपत्राचे कागद चिकटवले, एकसंध.
दोनशे छर्रे झाल्यावर ते सोडवले
आणि खिडकीत उन्हाला धरले.
मे महिन्यातलं आमच्या गावचं ऊन,
सुईएवढं भोक असतं तरी सोडलं नसतं.
नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवशी पोचव्वाकडे गेलो.
भिंतीला पाठ लावून बसलो, पाळण्याच्या जागी.
पाळणा तिला आधीच पलीकडे सरकवायला लावला होता.
एमय्या, आज काम नाही? ती म्हणाली.
मी कान देऊन ऐकत होतो.
धप.
थोडा वेळ काहीच नाही. परत धप.
कोण उशा झटकतंय? तिने विचारलं
आणि पंचविसाचा कट्टा बांधून बाजूला ठेवला.

आता पाळणा पुन्हा होता तिथे आहे.
परवा नळावर पोचव्वाने अडवलं.
काल छप्पन्नच झाले. रोज साठ असतात.
चार कमी कसे?
मी घागर खाली ठेवली.
ताप होता तिला, म्हणालो.
मग सांगायचं की, ती म्हणाली,
मी आपली उगाच
बसले मोजत.