दुसऱ्या बाजूचं तिसरं

डेटन, ओहायो. एक्क्याऐंशीचा मार्च.
बर्फ वितळून रस्त्याकडेला नुसता काळा रेंदा,
आणि फ्रिजच्या कारखान्याला कुलूप लागून दोन वर्षं झालेली.
मुलं सांभाळून साठवलेली सगळी चिल्लर
मी काउंटरवर ओतली.
दुकानदारानं मोजली नाही, फक्त एक भुवई वर केली.

कव्हरवर लूशस टेट:
डोक्यावर आईची चर्चची हॅट, जाळी नाकापर्यंत,
पायात गुडघ्याएवढे बूट,
आणि या दोहोंच्या मधे
काही म्हणजे काही नाही, एक कीबोर्ड सोडला तर.
तोही लहानसाच.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय ते.
तबकडी मी गॉस्पेलच्या कव्हरात सरकवली,
आमच्याच चर्चच्या क्वायरच्या,
जिथं माझी आई ओझेला
दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी, डोळे मिटून उभी आहे.

सुई टेकली की आधी खरखर.
मग ड्रम मशीन, कोरडं,
रिकाम्या घरात कुणी टाचा आपटत चाललंय तसं.
मग बेस, तो कानातून येतच नाही मुळी,
कमरेतून वर चढतो.
आणि सगळ्यांच्या वर तो स्वस्तातला सिंथेसायझर,
दात शिवशिवावेत इतका गोड.
लूशस गात नव्हताच. हसू दाबत कबुली देत होता,
कुणाच्या बायकोबद्दल,
कुणाच्या नवऱ्याबद्दलसुद्धा,
आणि मधेमधे देवाचं नाव घेत होता,
अंधारात जिना उतरताना
आपण कठड्याला हात लावतो तसं.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं मी कधीच लावलं नाही.
त्यात नवव्या सेकंदाला एक शब्द होता.
रेव्हरंड कॉलियर त्याच्यावर चाळीस मिनिटं बोलले,
तो न उच्चारता.
दुसरं संपलं की मी श्वास रोखून सुई उचलायची,
झोपलेलं मूल उचलावं तशी,
आणि चौथ्यावर ठेवायची.

लूशसनं पुढे आणखी दोन तबकड्या काढल्या, शहाण्या.
कुणी घेतल्या नाहीत.
आता कोलंबसला पियानो जुळवून देतो म्हणतात.

माझा भाचा कीऑन, वय बावीस,
हिचे चार ठोके कापून लॅपटॉपवर ताणतो, उलटे करतो,
आणि पोरंपोरी त्यावर पहाटेपर्यंत नाचतात.
इतक्या कमी सामानात कसं केलं गं यांनी, विचारतो.
मला काय कळतंय त्यातलं.
पण तिथं जागा सोडलेली आहे,
दोन ठोक्यांच्या मधे एक माणूस उभा राहील एवढी.
मी सोळाची होते तेव्हा तिथं मावले,
आता साठीला आले, गुडघे बदलले,
अजूनही मावते.

आई गेली नोव्हेंबरात.
घर आवरताना क्वायरच्या कव्हरातून ती निघाली.
कीऑननं दिव्याखाली तिरकी धरली,
सगळी काळी, झळझळीत,
फक्त एक पट्टा राखाडी, घासून घासून मेलेला.
मावशी, तिसरं गाणं किती वाजवलंस तू!

मी नाही, म्हटलं.
आणि मग मला तो काळ आठवला:
आम्ही शाळेत,
कारखाना बंद,
दिवसभर घरात एकटी आई,
आणि घरी आल्यावर रेकॉर्ड प्लेअरचं झाकण
कधीकधी कोमट लागायचं.
मला वाटायचं, ऊन.

आम्ही लावलं.
ड्रम, टाचा, कमरेतून चढणारा तो बेस,
सात, आठ,
आणि शब्दाच्या जागी नुसती खरखर.
ऐकून ऐकून आईनं तो संपवला होता.

फोनवर आहे, एकदम स्वच्छ, कीऑन म्हणाला. लावू?
राहू दे, म्हटलं.
सुई मागे घे.